लोणीफळ, जवस आणि मोह

(जिल्हा मेळाव्यात महिला आघाडीच्या सत्रात केलेले भाषण)



सकाळपासून कापसाच्या भावावर बोलणे झाले, विजेवर झाले, रानडुकरांवर झाले. मला आरोग्यावर बोलायला सांगितले आहे. आरोग्य म्हटले की मंडळी चहा प्यायला उठतात हे मला माहीत आहे. पण मी दवाखान्यावर बोलणार नाही, ताटावर बोलणार आहे. आणि ताटाचा प्रश्न भावाच्या प्रश्नापासून वेगळा नाही, हे तुम्हाला बोलण्याच्या ओघात दिसेल.

सुरुवात एका फळापासून करते. त्याचे नाव अव्होकॅडो. कर्नाटकात आणि केरळात त्याला बटर फ्रूट म्हणतात, आपण लोणीफळ म्हणू. माझी भाची नागपूरला शिकते. मागच्या खेपेला तिने दोन फळे आणली. बाहेरून हिरवी, खरखरीत, हाताला दगडासारखी. घरी सगळे गोळा झाले. सासूबाईंनी विळ्यावर एक कापले, तोंडात टाकले आणि थुंकले. कडू आणि रबरासारखे. "एवढे पैसे देऊन हे खाता का गा तुम्ही?" एवढेच त्या बोलल्या. चूक फळाची नव्हती, आमची होती. हे फळ झाडावर पिकत नाही. तोडल्यावर घरात ठेवून पिकवावे लागते. दुसरे फळ आम्ही केळ्यांसोबत कडब्यात गुंडाळून ठेवले. चार दिवसांनी ते अंगठ्याने दाबले तर दबू लागले. मधोमध गोल चिरले, दोन्ही हातांनी पिळून वेगळे केले, आत आंब्याच्या कोयीएवढी बी. गर चमच्याने काढला तो खरोखर लोण्यासारखा. त्यात कांदा, हिरवी मिरची, सांबार, मीठ आणि लिंबू घालून कालवले आणि ज्वारीच्या भाकरीशी खाल्ले. मेक्सिकोतले लोक असेच करतात, फक्त त्यांची भाकर मक्याची. लिंबू विसरू नका, नाहीतर गर घटकाभरात काळा पडतो. शिजवू नका, कडवटतो. सासूबाईंनी दुसऱ्यांदा मागून घेतले.

आता या फळात आहे काय? बहुतेक फळांत साखर असते, यात साखर जवळपास नाही. १०० ग्रॅम गरात साधारण १५ ग्रॅम स्निग्ध पदार्थ, म्हणजे तेल, आणि ७ ग्रॅमच्या आसपास तंतू, ज्याला आपण चोथा म्हणतो. तेलही शेंगदाण्याच्या तेलाच्या जातीचे, रक्तवाहिन्यांना त्रास न देणारे. पोटॅशियम भरपूर. साखर नसल्याने मधुमेहाच्या माणसालाही चालते. शहरातले डॉक्टर ते खायला सांगतात ते उगीच नाही.

२०२२ साली अमेरिकेत एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथल्या परिचारिका आणि आरोग्यसेवेतले पुरुष कर्मचारी, मिळून एक लाखाहून जास्त माणसे, त्यांचे खाणे तीस वर्षे नोंदवले गेले. आठवड्याला एक अख्खे फळ, म्हणजे दोन वेळा अर्धे अर्धे, खाणाऱ्यांत हृदयाचे आणि रक्तवाहिन्यांचे विकार १६ टक्क्यांनी कमी दिसले. ही बातमी जगभर छापून आली. फळ महाग आहे, ते खाणारा माणूस मुळात बऱ्या स्थितीतला असतो, हे लक्षात घेऊनच असा आकडा वाचावा. पण त्या अभ्यासाचा दुसरा अर्धा भाग फारसा छापून आला नाही, आणि आपल्या कामाचा तोच आहे. लोणी, चीज, प्रक्रिया केलेले मांस यांच्या जागी हे फळ खाल्ले तर फायदा दिसतो. ऑलिव्हचे तेल, दाणे किंवा इतर वनस्पती तेलांच्या जागी खाल्ले तर जास्तीचा फायदा दिसत नाही.

नीट ऐका. म्हणजे ज्याच्या ताटात शेंगदाणा, तीळ, जवस असे तेलाचे दाणे आधीच आहेत, त्याला लोणीफळ खाल्ल्याने हृदयापुरता वेगळा लाभ होतो असे त्या अभ्यासातही दिसले नाही. मग प्रश्न लोणीफळाचा राहत नाही. प्रश्न असा उरतो, की तेलाचे दाणे पिकवणाऱ्या मुलखात आपल्या ताटात ते किती आहेत?

ते सांगण्याआधी एक इशारा देऊन ठेवते, कारण मेळाव्याच्या बाहेर रोपे विकणारा कधीतरी उभा राहणारच. लोणीफळ कोडगूत होते, वायनाडला होते, निलगिरीत होते. त्याला पाणी साचलेले सोसत नाही, मुळ्या कुजतात. आपली काळी जमीन श्रावणात आठ आठ दिवस पाणी धरून बसते, आणि चंद्रपूरचा मे महिना ४५ अंशांच्या वर जातो. ज्याच्याकडे निचऱ्याची बरड जमीन, सावली आणि उन्हाळ्यात पाणी आहे त्याने परसात हौसेने एखादे झाड लावावे, एकर लावू नये. सफेद मुसळी, जट्रोफा, एमू, हे सगळे आपण पाहिले आहे. रोपे आणि पिल्ले विकणारे सुखी झाले. आणखी एक गोष्ट रोपे विकणारा सांगणार नाही. या झाडाचा पाला शेळ्यांना आणि गाईंना विषारी असतो. दूध आटते, कास सुजते, जास्त खाल्ला तर हृदयावर जाते. ज्याच्या दारात शेळ्या मोकळ्या फिरतात त्याने झाड लावण्याआधी कुंपण घालावे.

आता आपल्या वावराकडे येऊ.

माझ्या माहेरी पऱ्हाटीच्या वावरात तुरीचे तास असायचे, धुऱ्यावर तीळ आणि अंबाडी, रब्बीत थोडा जवस. धानाच्या पट्ट्यात, मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरीकडे आणि गडचिरोलीत, उभ्या धानात जवस फेकायची उतेऱ्याची पद्धत आहे. घाणीवर जवस नेला की वर्षाचे तेल घरात यायचे. आज काय होते? आपण सरकी पिकवतो आणि पिशवीतले तेल विकत आणतो. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलाचा निम्म्याहून अधिक भाग परदेशातून येतो, त्यात सर्वांत मोठा वाटा पामतेलाचा. तेलबियांना भाव चढू लागला की आयात शुल्क उतरवायचे, हे धोरण आपण वर्षानुवर्षे पाहतो आहोत. जवस पेरणाऱ्याने जवस सोडला तो काही आळसाने सोडला नाही. परवडला नाही म्हणून सोडला. पेरा गेला तशी चटणी गेली. भाव पाडून ग्राहकाला स्वस्त तेल दिले असे सांगणारे हे सांगत नाहीत, की त्या स्वस्ताईत पिकवणाऱ्याच्याच ताटातला जवस गेला.

जवसात काय आहे? दाण्यात साधारण ४० टक्के तेल, आणि त्या तेलाचा निम्म्याहून अधिक भाग ओमेगा-३ नावाच्या स्निग्धाम्लाचा. हे फार थोड्या अन्नात असते. समुद्राच्या माशांत असते, त्या जातीचे शरीराला अधिक सोपे पडते हे खरे, पण आपल्याकडे समुद्र नाही. लोणीफळात ओमेगा-३ नावापुरते आहे. जवसात तंतूही दाण्याच्या पाव भागाच्या आसपास असतो. प्रथिने १८ टक्क्यांच्या घरात. नागपूरच्या कृषी महाविद्यालयात जवसावर वर्षानुवर्षे संशोधन चालले आहे, एनएल-९७, पीकेव्ही एनएल-२६० हे वाण तिथलेच.

खाण्याची रीत सर्वांना माहीत आहे, पण नव्या सुना विचारतात म्हणून सांगते. जवस कच्चा खाऊ नये, त्यात थोडे विषारी द्रव्य असते, भाजल्याने ते कमी होते. मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजावा. वेगळे भाजलेले जिरे आणि लाल मिरची, मीठ, चार पाकळ्या लसूण घालून खलबत्त्यात कुटावा. एकदम महिन्याची चटणी करू नका. कुटलेला जवस हवेने लवकर खवट होतो. आठ पंधरा दिवसांची करावी, झाकण घट्ट ठेवावे. अख्खा दाणा वर्षभर राहतो. जवसाचे तेलही तसेच नाजूक. त्यात तळण करू नये. भाकरीवर, कण्यांवर, चटणीवर वरून कच्चे घ्यावे. आणि दाणा नीट कुटला गेला पाहिजे. अख्खा गिळला तर अख्खाच बाहेर पडतो.

दुसरी गोष्ट चारोळीची. लोणीफळाचे सर्वांत जवळचे नातेवाईक शोधायचे तर आपल्या जंगलात चार आहे. चारोळीच्या दाण्यात निम्म्याच्या आसपास तेल, त्यातला मोठा भाग लोणीफळात असते त्याच जातीचा, शिवाय प्रथिने. हे दाणे शहरात बर्फीवर आणि श्रीखंडावर मोजून चार टाकतात, इतके महाग. आणि आपली पोरे चार खाऊन बिया अंगणात फेकतात, नाहीतर गोळा करून किराणावाल्याकडे मीठ-तिखटाच्या बदल्यात देतात. बी फोडणे कष्टाचे आहे. जात्यावर हलक्या हाताने भरडून पाखडावे लागते. पण न फोडलेली बी आणि फोडलेला दाणा यांच्या भावात जे अंतर आहे, ती त्या कष्टाची मजुरी आहे, आणि आज ती दुसराच कुणी घेतो. १९९१ साली शेगावला संघटनेने चतुरंग शेती मांडली, त्यात माजघरशेती होती. वावरातला माल घरात आणून त्यावर बाईच्या हाताने जे संस्कार होतात त्याची किंमत घरात राहावी, हाच तिचा अर्थ होता. चारोळीला तो अगदी जसाच्या तसा लागू पडतो. विकण्याआधी मूठभर दाणे घरच्या बाळंतिणीला आणि पोरांना द्या एवढेच माझे मागणे आहे. आणि चार तोडताना फांदी तोडू नका. अर्धे कच्चे फळ फांदीसकट ओढून आणायची जी शर्यत लागते, तिच्यामुळे झाडे संपत चालली आहेत.

आता मोह. यावर मला जरा जास्त बोलायचे आहे.

मोहाच्या झाडाला दोन पिके येतात. फागुन-चैतात फूल आणि पावसाच्या तोंडावर फळ, ज्याला आपल्याकडे कुणी टोळ म्हणतो, कुणी टोळी. टोळीच्या बीच्या मगजात निम्म्याच्या आसपास तेल असते. ते थंडीत तुपासारखे गोठते. पिढ्यान् पिढ्या गोंड, माडिया घरांत ते खाल्ले गेले आहे. कडवट असते म्हणून आधी चांगले तापवून घेतात. पण खरे तेही सांगते. हे तेल जवसासारखे किंवा चारोळीसारखे नाही. त्यात गोठणाऱ्या जातीचा स्निग्धांश निम्म्याला येऊन पोचतो. म्हणून भाजीला, दिव्याला, हातापायाला जरूर वापरा, पण मापात, आणि सोबत जवसाची चटणी राहू द्या. पेंड गुरांना तशीच घालू नका. तिच्यात जे द्रव्य आहे त्यानेच डोहातले मासे गुंगतात. वावरात खत म्हणून ती चालते.

फुलाची गोष्ट वेगळी. फुलात तेल नाही, साखर आहे. वाळलेल्या फुलाच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग साखरेचा. म्हणून ज्याला मधुमेह आहे त्याने मोहापासून दूर राहावे, जसे गुळापासून राहतो तसे. पण ऊन्हात दिवसभर राबणाऱ्या माणसाला, वाढत्या पोराला, आषाढात घरातली ज्वारी संपत आली असताना, हे पोट भरणारे अन्न आहे. दुष्काळात या फुलाने माणसे जगवली आहेत.

माझी आजी वाळलेली फुले आतले बारीक तंतू झाडून तव्यावर कोरडी भाजायची, मऊ होऊन सुगंध सुटला की उखळात घालायची, भाजलेले तीळ आणि जवस त्यातच कुटायची. त्याचे लाडू. साखर नाही, तूप नाही. दाताला चिकटायचे, पण दुपारपर्यंत भूक लागायची नाही. ज्वारीच्या कण्या शिजत आल्या की त्यात धुतलेली फुले टाकायची, ती खीर. हरभऱ्याच्या किंवा वालाच्या घुगऱ्यांत मूठभर फुले घालायची. फुले उकडून वाटून ज्वारीच्या पिठात मळायची, भाकर गोड व्हायची. हे सगळे माझ्या आईने सोडले. का सोडले? कुणी घरी आले आणि चुलीवर मोहाचा वास आला तर लोक म्हणतील, यांच्या घरी गाळतात. पुढे मी शाळेत डब्यात लाडू नेला तर पोरींनी नाक धरले. एवढ्यावर एका घरातले अन्न बंद झाले.

ही लाज आभाळातून पडली नाही. १८९२ साली इंग्रज सरकारने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाचा कायदा केला. सरकारला भट्टीच्या मक्त्याचा महसूल हवा होता, म्हणून लोकांनी आपल्या झाडाखालचे फूल गोळा करण्यावर बंधने आली. स्वातंत्र्य आले, १९४९ चा दारूबंदी कायदा आला, त्यातही मोहफूल बाळगण्यावर आणि विकण्यावर निर्बंध राहिले. २०२१ साली राज्य सरकारने ते सैल केले. म्हणजे सव्वाशे वर्षांहून अधिक काळ या राज्यात कुठे ना कुठे एक फूल चोरीचा माल होते. परवाना लागणारा माल कसा विकला जातो? चैतात अंगणात वाळवलेला माल घरात ठेवायची भीती, म्हणून तो लगेच येईल त्या भावात व्यापाऱ्याला द्यायचा, आणि पावसाळ्यात गरज पडली की त्याच्याकडूनच वाढीव भावात आणायचा. हे ज्यांनी केले आहे त्यांना मी नवीन काही सांगत नाही.

मायबहिणींनो, तुमच्यातल्या काही आता अस्वस्थ झाल्या असतील. गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी झाली ती बायांच्या लढ्यामुळे. चंद्रपुरात २०१५ साली झाली आणि २०२१ साली उठली. दारूने घर कसे बसते ते मी पाहिले आहे, आणि भट्टी फोडायला मीही गेले आहे. मोह मोकळा करा म्हणणारी बाई दारूवाल्यांची वकील, असे कुणाला वाटेल. तर मी विचारते, द्राक्षाची दारू होते की नाही? होते, आणि तिच्यासाठी राज्याने २००१ साली खास धोरण केले. नाशिकच्या बागाईतदाराला द्राक्ष घरात ठेवायला कुणी परवाना मागितला का? उसाच्या मळीची दारू होते. ऊस नेणारी बैलगाडी कुणी दारूसाठी अडवली का? दारू गाळणाऱ्याला धरा, फुलाला धरू नका. शिवाय जे फूल पोराच्या लाडवात गेले ते भट्टीत जात नाही. फुलाला खाण्याचा भाव आला तर गाळणाऱ्याला ते महाग पडेल. दारूशी लढायची ही एक वाट आहे, आणि ती आपण कधी चालून पाहिली नाही.

खाण्याचा भाव येऊ शकतो याला दाखला आहे. २०२१ च्या जुलैत छत्तीसगडमधल्या कोरबाच्या जंगलातली वाळवलेली मोहफुले फ्रान्सला निर्यात झाली. कोरब्याचा मोह आणि कोरचीचा मोह यांत जातीचा फरक नाही. फरक पडतो तो वेचण्यात. आपण झाडाखालचा पाला जाळतो आणि राखेत पडलेले फूल वेचतो. त्यात माती असते, राख असते, ते फक्त भट्टीच्याच कामाचे राहते. शिवाय ती आग जंगलात पसरते. झाडाखाली जाळी किंवा जुने लुगडे बांधले तर फूल स्वच्छ मिळते, पाला जाळावा लागत नाही, आणि सर्वांत मोठी गोष्ट, बाईला पहाटेच्या अंधारात एकटीने वाकून बसावे लागत नाही. ब्रह्मपुरी-सिंदेवाहीकडे मोह वेचायला गेलेली माणसे वाघाने मारली. वाकलेले माणूस वाघाला जनावर वाटते. जाळी असेल तर ऊन आल्यावर चौघींनी मिळून जावे आणि गोळा करून यावे. फूल उघड्या मातीवर वाळवू नका, ताडपत्रीवर किंवा खाटेवर जाळी टाकून वाळवा, वरून पातळ कापड टाका. चार-पाच किलो ओल्या फुलांचे किलोभर वाळलेले होते. कोरड्या डब्यात ते वर्षभर टिकते. पावसाची हवा लागली की चिकटते आणि आंबते, म्हणून जूनच्या आधी डबे बंद झाले पाहिजेत.

गौण वनउपजावर गावाचा हक्क कागदावर आलेला आहे. १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा यांनी तो दिला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, पुढे त्यांनी आपला बांबू आपण विकला. बांबूला जे जमले ते मोहाला आणि चारोळीला का जमू नये? ज्या गावांना हक्काचे पत्र मिळाले आहे त्यांनी या हंगामात गावाने मिळून माल साठवावा आणि एकट्याने विकू नये. ज्यांना मिळालेले नाही त्यांनी आज संध्याकाळी तालुकाप्रमुखांकडे नावे द्यावीत, दाव्याचे कागद कसे करायचे ते तिथे सांगितले जाईल.

महिला आघाडीने एक साधी गोष्ट ठरवली आहे. पुढच्या मेळाव्याला बुंदीची पाकिटे येणार नाहीत. प्रत्येक तालुक्याने एक पदार्थ आणायचा. कापसाच्या पट्ट्याने, वरोरा, राजुरा, कोरपना, चिमूर, जवसाची चटणी आणि ज्वारीची भाकर. धानाच्या पट्ट्याने उतेऱ्याचा जवस, अर्धा किलो, बियाणे म्हणून वाटायला. गडचिरोलीकडच्या बहिणींनी मोहाचे लाडू. फुलात राख नसावी. मी एकेक फोडून पाहणार आहे.